वरच्या खोलीतली बाई

"अय्यो, ही कॅसेट अजून ठेवलीयस तू, तुंगा? मला वाटलं, कधीच चुलीत गेली."

"चुलीत कशाला घालू वो मामा, माझं लग्न आहे त्यात! तंबाखूच्या कोठीत माळ्यावर होती. वास बघा की."

खंडोजीरावांनी कॅसेट नाकाला लावली. तुंगाच्या सासरची, पिरियापट्टणची तंबाखूची भट्टी, भाजून पिवळी झालेली पानं, ओलं सरपण, सगळं त्या काळ्या डबीत मुरून बसलं होतं. डबीच्या पाठीवरच्या पट्टीवर त्यांचंच अक्षर होतं. तुंगा, मुहूर्त.

"पण तुला मिक्सिंग केलेली चांगली दिली होती की. तू आणि जावई बदामाच्या आकारातनं गिरकी घेत येता, ती."

"तिला बुरशी आली. पांढरीफट्ट. हीच तेवढी वाचली. पोरगी म्हणायलीय, अम्मा, तुझं लग्न मला दाखव. आता कुणाच्या घरात मशीन आहे, सांगा? आख्ख्या मैसूरात तुमच्याकडंच चालतंय म्हणे."

"तेबी स्वल्प बिघडलंय."

"मग स्वल्प दुरुस्त करा. सांजच्या बसला मला पेनड्राइव्ह पायजे बघा." तुंगानं दुकानाच्या मागच्या दाराकडं मान लांब केली. "मामी, फुलं घेऊन येते हं! कॉफी ठेवून द्या माझी!"

आतनं कृष्णवेणीचा आवाज आला, "ठेवते गं!" आणि तुंगा उन्हात उतरली.

मशीन काही बिघडलेलं नव्हतं. खंडोजीरावांना ती कॅसेट लावायचीच नव्हती. त्या कॅसेटीत तुंगाच्या लग्नाच्या पाठीमागं काय दडलंय, हे जगात एकट्या त्यांना ठाऊक होतं. आणि ते त्यांच्या बायकोनं बघू नये, म्हणून तर त्यांनी ती कॅसेट नवरीबरोबर सासरी पाठवून दिली होती.

खंडोजीरावांचं घराणं मैसूरला कधी आलं, हे कुणी विचारलं तर ते सांगायचे, "घोड्याबरोबर. घोडा गेला, आम्ही राहिलो." त्यापलीकडं त्यांनाही ठाऊक नव्हतं. घरात बोली मराठी, पण ती मैसूरचं पाणी प्यालेली. उगंच म्हणायचं तिथं सुम्ने, जरा म्हणायचं तिथं स्वल्प, आणि राग आला की सगळं कानडीच. हेब्बाळच्या कंपनीत महाराष्ट्रातनं आलेली नवी पोरं दुकानात यायची आणि ही भाषा ऐकून ओठ दाबून हसायची. खंडोजीरावांना त्याचं काही वाटायचं नाही. ते म्हणायचे, "तुमची मराठी इस्त्रीची. आमची रोजच्या वापरातली."

अग्रहाराच्या गल्लीत पुढं दुकान आणि मागं घर. उमेदीत त्यांनी खांद्यावर कॅमेरा घेऊन निम्म्या गावाची लग्नं काढली. पुढं ड्रोनवाले आले, तसा कॅमेरा खाली उतरला. आता पासपोर्टचे फोटो आणि जुन्या कॅसेटी पेनड्राइव्हवर उतरवणं, एवढंच काम. हे उतरवणं म्हंजे मोठं सावकाशीचं. कॅसेट जेवढी लांब तेवढा वेळ ती चालवावीच लागते. त्यात घाई चालत नाही. त्यामुळं दुकानातल्या छोट्या टीव्हीवर दिवसभर कुणाचं ना कुणाचं जुनं लग्न मुक्यानं चालू असायचं. कधीच वारलेली माणसं केळीच्या पानावर भात कालवत बसलेली असायची. कॅमेऱ्याकडं बघून तोंडावर हात धरायची. रस्त्यानं जाणारी माणसं थबकायची, एखादा म्हणायचा, "अरे, आमची आत्या!" आणि घटकाभर उभा राहून भाजीला निघून जायचा. खंडोजीराव खुर्चीत बसून सगळं बघायचे. दुपारी डोळा लागला की स्वप्नात पंगत चालू आणि जागं झालं की समोर पंगत चालू. कुठली कुठं संपली ते त्यांचं त्यांना कळायचं नाही.

तर त्या कॅसेटीत दडली होती एक सीरियल. तिचं नाव 'वरची खोली'.

तुंगाचे वडील मानाजीराव रेल्वेच्या वर्कशॉपात कारकून होते. त्यांना नाटकाचं वेड. त्यांनीच ती लिहिली, आणि लुंगी गुंडाळून घरमालक तेच झाले. गोष्ट एवढीशीच. नवरा-बायकोच्या घरात वरची खोली भाड्यानं द्यायची आहे. दर रविवारी कुणीतरी नवं माणूस खोली बघायला येतं, काहीतरी घोटाळा होतो आणि माणूस खोली न घेताच जातं. कधी ज्योतिषी, कधी ट्रंपेट वाजवणारा बँडवाला, कधी सात मांजरं पाळणारी नर्स. आणि सगळी बोलणार आपल्या मैसुरी मराठीत! टीव्हीवर अशी मराठी ना कुणी आधी ऐकली, ना नंतर. शूटिंग खंडोजीरावांच्या लग्नाच्या कॅमेऱ्यावर. दाखवणार केबलवाला हयग्रीव, म्हंजे ज्यांच्या घरात हयग्रीवची वायर, तेवढेच बघणार. चार-पाच गल्ल्या, बस्स.

आणि यांचा कारभार असा, की कॅसेट एकच. रविवारी एक भाग दाखवला की पुढच्या रविवारचा भाग त्याच कॅसेटीवर, मागचा पुसून. ठेवून काय करायचंय, असं सगळ्यांनाच वाटायचं. पावसाळाभर सीरियल चालली आणि एका मोठ्या कंपनीनं हयग्रीवच्या वायरी घेतल्या, तशी बंद पडली. उरली ती त्या चार-पाच गल्ल्यांतल्या लोकांच्या डोक्यात. अजूनही कुणाच्या बारशाला दोघं-तिघं एकत्र आले की मांजरवाल्या नर्सची नक्कल होते आणि हसून हसून पदर डोळ्याला लागतात. बाकीचे आपले बघत राहतात, यांना काय झालं म्हणून.

शेवटच्या भागात वरची खोली एकदाची भाड्यानं जायची होती. एकटी बाई येते आणि खोली घेते. त्यासाठी एक मास्तरीण ठरली होती. ती ऐनवेळी आली नाही. मानाजीराव कृष्णवेणीला म्हणाले, "वैनी, तीन वाक्यं आहेत. तुम्हीच म्हणा."

कृष्णवेणीनं तीन वाक्यं सबंध रात्रभर घोकली. पिठात पाणी घालताना घोकली. देवाला फूल वाहताना घोकली. सकाळी निळी रेशमी साडी नेसून जिन्याच्या पायथ्याशी कॅमेऱ्यापुढं उभी राहिली आणि तिन्ही वाक्यं एका दमात, स्टेशनात गाडी लागल्याची घोषणा करावी तशी, हात अंगाला चिकटवून म्हणून टाकली. खंडोजीरावांचे कान तापले. खांबाला साडी नेसवली असती तर खांब बरा दिसला असता, असं त्यांना वाटलं. मग तिला जिना चढताना काढलं आणि कॅमेरा वरच्या खोलीत नेऊन चालू केला, तेवढ्यात शेजारच्यानं मिक्सर लावला. कॅमेरा तसाच तीन पायांच्या तिकाटण्यावर चालू ठेवून ते तावातावानं त्याला थांबवायला गेले. शेजारी म्हणाला, आधी चटणी होऊ दे. भांडण रंगलं. परत आले तोवर मानाजीरावांनी "झालं, छान झालं" म्हणून आवरायला घेतलं होतं. पुढची काटछाट मानाजीरावांनीच हयग्रीवच्या खोलीत बसून केली.

आणि तो भाग लागला त्या रविवारी ट्रान्सफॉर्मर उडाला. खंडोजीरावांच्या गल्लीत काळोख. कृष्णवेणी शेजारणींना गोळा करून, पान-सुपारीचं तबक ठेवून बसली होती. ती तशीच मेणबत्तीच्या उजेडात बसून राहिली. वीज होती ती पलीकडच्या दोन गल्ल्यांत. तिथल्या लोकांनी तेवढं बघितलं.

दुसऱ्या दिवसापासनं ती माणसं कृष्णवेणीला रस्त्यात थांबवायला लागली. कॉफीपूडवाला श्रीहरी तर अजून पुडी बांधताना म्हणतो, "वेणीअक्का, तुमचं ते काम! मी विसरायचो नाही." आणि चमचाभर पूड वरनं जास्त घालतो. अशा माणसांच्या जिवावर कृष्णवेणीनं वीस-एक वर्षं काढली. तिला काही म्हणायला गेलं की ती म्हणायची, "मी सुम्ने स्वैपाकीण नाही हं. सीरियलमध्ये काम केलंय मी." खंडोजीराव गप्प बसायचे. लोक भले आहेत म्हणून बोलतात, हे त्यांना दिसत होतं. तिला दिसत नव्हतं, ते बरंच होतं.

मग कॅसेट लग्नात कशी गेली? तर त्यानंतरच्याच आठवड्यात तुंगाचं लग्न लागलं. आपल्याकडं आदल्या सांजेला रिसेप्शन, दुसऱ्या दिवशी सकाळी मुहूर्त. आणि खंडोजीरावांचा धंद्यातला नियम असा, की पंगतीतलं प्रत्येक तोंड कॅमेऱ्यात आलं पाहिजे. एखाद्या येलवालच्या काकाचं तोंड राहिलं तर तो पुढच्या दसऱ्यापर्यंत बोलायचा नाही. झालं, जेवणाऱ्यांची तोंडं घेता घेता आणलेल्या सगळ्या कॅसेटी रात्रीच संपल्या. सकाळी अंतरपाट धरलेला, भटजी शेवटच्या अष्टकावर आलेला, अक्षता मुठीत आणि कॅमेऱ्यातली फीत संपली. मुहूर्त काय कुणासाठी थांबतोय? खंडोजीरावांनी पिशवीत हात घातला. तिथं एकच कॅसेट होती. 'वरची खोली'चा शेवटचा भाग. हयग्रीव रिसेप्शनला आला, तेव्हा तोच हातात देऊन गेला होता.

घातली आणि बटण दाबलं. अक्षता पडल्या, हार पडले, कन्यादान झालं. मग दुकानातनं कोरी कॅसेट आली, ती घातली. म्हंजे अर्धी पुसली गेली आणि सीरियलचं शेपूट तसंच राहिलं. रात्री बायकोनं विचारलं, तेव्हा खंडोजीराव म्हणाले, "गेलं गं सगळं." ती तीन दिवस बोलली नाही. त्यांना मात्र आतनं सुटल्यासारखं झालं होतं. आता ती स्वतःला कधी बघणार नाही आणि श्रीहरीची चमचाभर पूड आयुष्यभर चालू राहील.

आणि आज तीच कॅसेट तंबाखूचा वास घेऊन माघारी आली होती.

खंडोजीरावांनी मनाशी ठरवलं. लग्न संपलं की लगेच बंद करायचं. कृष्णवेणी आत इडलीचं वाटण वाटत होती. ग्राइंडरच्या घरघरीत तिला काही कळणारही नव्हतं. त्यांनी कॅसेट मशीनमध्ये सरकवली, आवाज बारीक केला आणि खुर्चीत बसले.

आधी नुसत्या रेघा आल्या. मग रेघांमधनं अंतरपाट वर आला, जसा पाण्याखालनं पांढरा कपडा वर यावा. पलीकडं मुंडावळ्या हलल्या. तुंगा किती बारीक होती! अक्षता पडताना फितीवर पांढरे ठिपके पडायचे, त्यात अक्षता कुठल्या आणि खराबी कुठली, कळत नव्हतं. भटजींचे ओठ हलत होते. मानाजीराव जरीचा फेटा बांधून उभे होते, डोळे पुसत होते. ते आता नाहीत, हे त्या फितीला कुठं ठाऊक? बाहेर ऊन रस्त्यावर सांडलेलं, आत ग्राइंडरचा एकसुरी आवाज. खंडोजीरावांचं नुकतंच जेवण झालेलं. त्यांची मान एकदा खाली गेली, त्यांनी वर केली. परत गेली, ती तशीच राहिली.

झोपेत ते त्याच मांडवात होते, पण मांडवाला वरचा मजला होता, आणि सगळे वऱ्हाडी जिना चढून एक-एक करून खोली बघून खाली येत होते. कुणी म्हणायचं, वारा लागत नाही. कुणी म्हणायचं, मांजरांना जागा नाही.

त्यांनी डोळे उघडले, तेव्हा पडद्यावर मानाजीराव लुंगीत होते. मघाशी मुलीच्या कन्यादानात रडणारा माणूस आता हातात किल्ली घेऊन, भुवया उडवत जिन्याकडं बोट दाखवत होता. खंडोजीराव ताडकन उठले. हात बटणावर गेला.

जिन्यावरनं निळी साडी वर चालली होती. पाठमोरी.

आता वळेल, हात अंगाला चिकटवेल आणि घोषणा करेल, म्हणून त्यांनी श्वास धरला. पण घोषणा आलीच नाही. फितीवर एक जाड रेघ खालनं वर सरकत गेली आणि ती सरकून गेली तोवर कृष्णवेणी खोलीत एकटी होती. तीन वाक्यं जिना चढायच्या आधीची, ती तुंगाच्या अक्षतांखाली गेली होती. पडद्यावर होतं ते नंतरचं. ते स्वतः शेजाऱ्याशी भांडायला गेले होते, तेव्हाचं. हे त्यांनी कधी बघितलंच नव्हतं.

कॅमेरा बंद आहे असं तिला वाटलं असणार. तिनं मोठा श्वास सोडला. पदरानं मानेवरचा घाम पुसला. मग खिडकीशी गेली आणि कडी काढायला लागली. कडी निघेना. तिनं तळहातानं खालनं एक ठोसा दिला, घरातल्या डब्याच्या झाकणाला देते तसा, आणि खिडकी उघडली. उजेड आत आला, इतका की खोली पांढरी झाली, आणि हळूहळू त्या पांढऱ्यातनं तिचा चेहरा परत आला. खाली रस्त्यावर काहीतरी दिसलं तिला. ती हसली, एकटीच. मग भिंतीला पाठ टेकून जमिनीवर बसली, पाय लांब पसरले, पायाची बोटं हलवली. आणि नुसती बसून राहिली. जशी ती खोली तिचीच होती, कधीपासनं.

मानाजीरावांनी त्यातलं काही कापलं नव्हतं.

खंडोजीरावांचा हात बटणावरच राहिला. दाबायचं मात्र त्यांना जमेना.

"काका, ही कोण नटी?"

दारात विभावरी उभी होती. हेब्बाळच्या कंपनीतली, सांगलीकडची मुलगी. पासपोर्टचे फोटो काढायला येते म्हणून सकाळी तिनं फोन केला होता. ती टीव्हीकडं बघत होती. "कुठला सिनेमा आहे? किती सहज करते ही बाई! मला वाटलं खरंच कुणाच्या तरी घरात बघतेय."

खंडोजीरावांनी तिच्याकडं बघितलं. तिला कशाला खोटं बोलायचंय? तिला तर ही बाई कोण, हेच ठाऊक नाही. म्हंजे श्रीहरी वीस वर्षं उगंच पूड जास्त घालत नव्हता. पलीकडच्या दोन गल्ल्यांनी जे बघितलं होतं, ते हे होतं.

"बसा स्वल्प," ते म्हणाले आणि कॅसेट मागं घेतली. मग आत जाऊन त्यांनी ग्राइंडरचं बटणच बंद केलं.

"काय वो! वाटण अर्धं राहिलं!"

"राहू दे. बाहेर ये."

"हात भरलेत माझे."

"भरू देत. तुझी सीरियल लागलीय."

कृष्णवेणी बघतच राहिली. मग पिठाचे हात तसेच वर धरून बाहेर आली. जिना आला, निळी साडी आली. तिनं श्वास रोखला. रेघ सरकली. खोली आली. खिडकीला ठोसा बसला. उजेड. पसरलेले पाय. शेवटी मानाजीरावांच्या अक्षरात 'समाप्त' आणि मग नुसती मुंग्यांची रांगोळी.

"माझं बोलणं कुठाय?" कृष्णवेणी म्हणाली.

"ते तुंगाच्या लग्नाखाली गेलं."

"अय्यो, तेच तर होतं सगळं! इथं तर मी सुम्ने बसलेय. ॲक्टिंग कुठाय यात?" ती नवऱ्याकडं वळली. "आणि सगळं गेलं म्हटलंत की मला तुम्ही? हे तर आहे. म्हंजे अर्धं होतं आणि तुम्ही ते तंबाखूत घालून ठेवलंत!"

"होय," खंडोजीराव म्हणाले.

"का?"

खंडोजीरावांनी मशीनवरची धूळ बोटानं पुसली. "तू बोललीस ते मला बरं वाटलं नव्हतं. म्हटलं, तू बघितलंस तर तुला वाईट वाटेल."

"बरं वाटलं नव्हतं?" कृष्णवेणीचा आवाज चढला. "सगळं गाव छान म्हणतंय, आणि ह्यांना बरं वाटलं नव्हतं! ही मुलगी आहे, हिला विचारू. ऐक गं तू." तिनं हात अंगाला चिकटवले, पिठाचे डाग साडीला लागले आणि समोरच्या भिंतीकडं बघत एका दमात म्हणाली, "मालक ही खोली मला पसंत आहे भाडं मी दर महिन्याला वेळेवर देईन आता किल्ली द्या मी दमलेय!"

विभावरीनं ओठ दाबले. मग न राहवून हसली. "काकू, ती खिडकीतली बाई तुम्हीच?"

"मीच की."

"मग मला तीच आवडली."

कृष्णवेणी पडद्याकडं वळली. "परत लावा," ती नवऱ्याला म्हणाली.

खंडोजीरावांनी परत लावलं. या खेपेला ती पुढं सरकून, पडद्याला जवळजवळ नाक लावून बघत होती. खिडकी उघडून ती हसली, तिथं ती म्हणाली, "खाली तुम्ही होता. शेजाऱ्याशी भांडत. लुंगी सुटायला आली होती तुमची, म्हणून हसले मी." 'समाप्त' आल्यावरही ती तशीच उभी होती.

"ती साडी कुणाला दिली हो आपण?" ती म्हणाली, आणि उत्तराची वाट न बघता आत गेली. ग्राइंडर परत घरघरायला लागला.

तुंगा मोगऱ्याचे गजरे घेऊन आली, तिनं पेनड्राइव्ह घेतला, कॉफी प्याली. लग्नाच्या मागनं मामी निघालीय म्हटल्यावर तिनंही ते बघितलं आणि वडलांची लुंगी बघून हसत हसत डोळे पुसले. "राहू दे ते मागं," ती म्हणाली. "पोरीला दाखवते. आजोबा कसे होते म्हणायलीय ती." कॅसेट मात्र तिनं परत नेली नाही, खंडोजीरावांनीही द्यायला काढली नाही.

ती बसला गेली. विभावरी अजून स्टुलावर होती. खंडोजीरावांनी पांढरा पडदा खाली ओढला, दिवा लावला, कॅमेऱ्यामागं गेले.

"केस कानामागं घ्या," ते म्हणाले. "दोन्ही कान दिसायला पायजेत. हनुवटी स्वल्प खाली. अजून स्वल्प. हां, हसू नका आता."